अण्णा आणि अर्ध्या पानाचं लायसन्स

प्रोग्रॅमच्या लायसन्सचा कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अण्णा कुणाच्याही कॉम्प्युटरवर काही चढवत नसत. बंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या वर्कशॉपचा मालक तेलकट हात पुसत समोर बसायचा, मागे लेथ घरघरत असायचं, आणि अण्णा इंग्रजी कागद वाक्यावाक्यानं कन्नडमध्ये सांगत राहायचे. मी नुकतीच नागपूरहून अण्णांच्या हाताखाली नोकरीला आले होते. मला या पारायणाचा भयंकर कंटाळा यायचा. "अण्णा, ऐकतंय कोण?" असं मी एकदा म्हटलंच. "स्वल्प धीर धर की ग," ते म्हणाले. "त्यानं ऐकलं नाही तर चालतंय. मी सांगितलं नाही, असं व्हायला नको."

यशवंतपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही कारखान्यांना मालसाठ्याचे प्रोग्रॅम करून द्यायचो. त्याखालचा डेटाबेस परदेशातल्या एका विद्यापीठातल्या लोकांनी बनवून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता. त्याचं लायसन्स जेमतेम अर्ध्या पानाचं: वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कुठल्याही कामाला लावा. अण्णांच्या घरात तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेली मराठी होती, पण या अर्ध्या पानाचं कौतुक करायला त्यांना कन्नडच लागायची. वाचून झालं की मालकाला म्हणायचे, "हे तुमचं झालं. परत मागायला कुणी येणार नाही." हा शब्द अण्णांचा होता. मालक त्या शब्दावर प्रोग्रॅम घ्यायचे, कागदावर नव्हे.

पीण्यात वीज दिवसातून चार वेळा जायची आणि डेटाबेस दर वेळी थोडाफार मोडायचा. परदेशात बसलेल्यांना हे दुखणं ठाऊकच नव्हतं. अण्णांनी दोन वर्षं खपून त्यावर उपाय लिहिला आणि ईमेलनं पाठवून दिला. तिकडच्या प्रमुखानं तो आनंदानं घेतला, भरभरून आभार मानले. "आपण घेतलं, स्वल्प परत दिलं. सरी, बरोबर झालं," एवढंच अण्णा म्हणाले आणि जेवायला गेले.

मग नवी आवृत्ती आली. अण्णा तेव्हा बहिणीकडच्या लग्नाला होसूरला गेलेले. मी मोठ्या उत्साहानं आठ दिवसांत सगळ्या वर्कशॉपमध्ये ती चढवून टाकली. लायसन्सच्या फाइलचं नाव तेच होतं, म्हणून मी ती उघडलीसुद्धा नाही. अर्ध्या पानाची चार पानं झाली होती. फक्त अभ्यासासाठी वापरा, धंद्यासाठी वापरायचं तर कंपनीची परवानगी घ्या! प्रकल्पाच्या प्रमुखानं आता कंपनी काढली होती. तिच्या जाहिरातीतलं पहिलंच वाक्य होतं, वीज गेली तरी माहिती जात नाही. हे सगळं पुढे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावरचा नागोबा तरी परका असतो. यांनी मित्र म्हणवून घेऊन केसानं गळा कापला.

तीन महिन्यांनी कंपनीचा इथला एजंट गिअर बनवणाऱ्या मंजुनाथांच्या दारात उभा राहिला. पैसे भरून परवानगी घ्या, नाहीतर प्रोग्रॅम बंद करा. मंजुनाथांनी अण्णांना बोलावून एजंटचं पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं. अण्णांनी प्रमुखाला ईमेल लिहिली. दोन ओळींचं उत्तर आलं: परिस्थिती बदलली आहे, तुमच्या योगदानाची आम्हाला कदर आहे. कदर! इतका गुळगुळीत निर्लज्जपणा मी त्याआधी पाहिला नव्हता.

अण्णा मात्र कपाट उघडून जुन्या आवृत्तीच्या फ्लॉप्या काढत होते. "दिलेलं लायसन्स मागं घेता येत नाही ग. जुनं आजही आपलंच." पण नव्या आवृत्तीनं माहिती अशी बदलून ठेवली होती की जुनीला ती वाचता येईना. मग आम्ही दोघं एकेका वर्कशॉपमध्ये जाऊन, छापून घेतलेल्या याद्या बघून सगळं पुन्हा टाइप करत बसलो. सहा आठवडे. आणि प्रत्येक मालकाला अण्णा आधी सांगायचे, "यावेळी मी कागद वाचला नाही. चूक माझी." पहिल्याच ठिकाणी मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "तू सुम्ने रहा. इथं शब्द माझा आहे." मी गप्प बसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मंजुनाथांनी मात्र आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. चूक माझी, असं म्हणून अण्णांनी खिशातून जुन्या लायसन्सचा तो अर्ध्या पानाचा कागद काढला, तर ते म्हणाले, "कागद ठेवा, अण्णा. मी कागद कधी ऐकला होता? तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं होतं." अण्णा उठले. त्यानंतर त्यांनी कुणाकडेही काही चढवलं नाही. "तू जा, मी हिशोबाचं बघतो," म्हणून ऑफिसातच बसू लागले, आणि वर्षभरात नोकरी सोडून गेले.

अण्णा वारल्याचं कळलं त्या आठवड्यात मी पीण्याला गेले. ती आवृत्ती मी चढवली होती, न वाचता, आणि अण्णा तेव्हा बंगळुरात नव्हतेच, हे मी मंजुनाथांना सांगून टाकलं. कंपनीवरचा सगळा संतापही ओतला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"ती कंपनी मी पाहिली नाही," ते म्हणाले. "पण अण्णा चूक माझी म्हणाले, त्या दिवशी तुम्ही त्यांच्या शेजारीच उभ्या होतात ना?"