एप्रिलचा बर्फ आणि कोल्ड स्टोअरची जॅकेटं

उणे पंचवीस अंशांत माल सांभाळणं हा माझा धंदा. बहारीनमध्ये मीना सलमान बंदरातल्या एका कोल्ड स्टोअरचा मी मॅनेजर. त्यामुळे थंडीबद्दल मला कुणी काही शिकवायला आलं की मी गालातल्या गालात हसतो. या सहलीत ते हसू कुठे जिरलं, ते पुढे येईलच.

माझी लेक मुक्ता सात वर्षांची असताना एकदा स्टोअरमध्ये आली होती. कूलरवर साचलेला पांढरा थर नखानं खरवडून तिनं विचारलं, "बाबा, हाच स्नो का?" मी म्हटलं, "छे! खरा दाखवीन तुला." अकरा वर्षं झाली त्याला. दर हिवाळ्यात जायचं ठरे आणि दर हिवाळ्यात मालाची काहीतरी घाई निघे, अलीकडे तर रमजानच्या मालाची. रमजानच्या तोंडावर कोल्ड स्टोअरमध्ये रजा मागणं म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात मिठाईवाल्यानं दुकान बंद ठेवणं. दर वेळी मुक्ता म्हणायची, "इट्स ओके, बाबा."

यंदा मात्र तिची बारावी. ऑगस्टमध्ये ती कॅनडाला शिकायला जाणार, विनिपेगला. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ईद झाली, तिचा शेवटचा पेपर झाला आणि एप्रिल उजाडल्यावर मी जॉर्जियाची तिकिटं काढली. गुदौरी नावाच्या डोंगरगावात स्कीइंग करायचं होतं. बायको शिक्षिका, भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणून ती घरी राहिली.

आमचे स्टोअरकीपर पायस, वसईचे. ते म्हणाले, "साहेब, एप्रिलमध्ये कसला बर्फ? सीझन खलास!"

"वर डोंगरात असतो हो. आणि थंडीची चिंता नाही. आपली फ्रीझर जॅकेटं आहेत ना? उणे पंचवीसची! भाड्यानं कपडे घेतील ते येडे."

त्यांनी दोन जुनी जॅकेटं काढून दिली. निळी, जाड, पाठीवर चमकणारी पट्टी. मुक्तानं त्यातलं एक घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आय लुक लाइक फ्रोझन चिकन."

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. बहारीनहून जॉर्जियाच्या राजधानीला, तिबिलिसीला, थेट विमान मिळतं. तिथून गुदौरी गाडीनं दोन-अडीच तास. टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, आपलं रेसिडेन्स कार्ड चालतं का ते निघण्यापूर्वी तपासा. वाटेत एका हिरव्यागार धरणाकाठी किल्ला लागतो, तिथे थांबून गरम खाचापुरी खा. चीज भरलेली जाडजूड रोटी ती. एकीत दोघांचं पोट भरतं.

त्यानंतर घाट सुरू झाला. मी मान वळवून वळवून बर्फ शोधत होतो. डोंगर तपकिरी होते, कडेला चिखल होता आणि गाई चरत होत्या. गावात पोचलो तर रस्त्यावरून वितळलेलं पाणी वाहत होतं. बर्फ होता तो पार वर, तोही ठिगळाठिगळांनी.

"इट्स ओके, बाबा," मुक्ता म्हणाली.

तेच वाक्य. मी गाडीतून बॅगा काढायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही फ्रीझर जॅकेटं घालून हजर. स्की आणि बूट भाड्यानं घेतले. आमची शिक्षिका नीनो, साठीची, उन्हानं रापलेली. तिनं आमची जॅकेटं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि सरळ शिकवायला सुरुवात केली. शिकाऊ लोकांचा उतार रात्रीत गोठून फरशीसारखा कडक झाला होता. मी दोन पावलं टाकली आणि बसलो. मुक्ता उठे, पडे, उठे. दहानंतर बर्फ सैल होऊ लागला, तोवर आम्ही पडून पडून दमलो होतो, आणि बारा वाजता नुसता लगदा उरला. त्या लगद्यात लोळून लोळून आमची जॅकेटं पाणी प्यायली. फ्रीझरमध्ये पाणी नसतंच हो, सगळं कोरडं ठणठणीत. तिथलं जॅकेट वारा अडवतं, ओल नाही. भिजलेली गोधडी अंगावर घेऊन डोंगर उतरावा तसा मी उतरत होतो. आयुष्यभर थंडीत काम केलं आणि मला हे सुचलं नाही. वर जाणाऱ्या लिफ्टही वाऱ्यामुळे बंद होत्या. मुक्ताचे ओठ निळे पडले होते आणि मला स्वतःची शरम वाटत होती.

दुपारी एका खाणावळीच्या चुलीपाशी बसून आम्ही लोबियो खाल्लं. मडक्यातली राजम्यासारखी उसळ, वर अक्रोड आणि कोथिंबीर. घरचं आठवलं तर नवल नाही. नीनो शेजारी बसली होती. चिडून मी तिला इंग्रजीत म्हणालो, "आमच्या कोल्ड स्टोअरला एकदा वितळून पुन्हा गोठलेली कोंबडी आली तर आम्ही ती परत पाठवतो. खराब समजतो."

ती हसली. "कोंबडीचं तुमचं बरोबर असेल. बर्फाचं नाही. रोज वितळून, रोज गोठून त्याचा दाणा गोल होतो. जानेवारीत येणाऱ्यांना तो मिळतच नाही. उद्या कपडे भाड्यानं घ्या आणि दहाला या. आठला नको, बारालाही नको."

निमूटपणे भाड्यानं कपडे घेतले. दोघांचा दिवसाचा खर्च आमच्या मनामा शहरात एकदा बाहेर जेवलो असतो तेवढा. येडे कोण, ते कळलं.

तिसरा दिवस, शेवटचा. वारा पडला होता आणि लिफ्ट सुरू होत्या. दहा वाजता नीनो आम्हाला वरच्या सौम्य, रुंद उतारावर घेऊन गेली. चहूकडे पांढरी शिखरं आणि वर कडक ऊन. मी वाकून मूठभर बर्फ घेतला. रवाळ होता, जाड रव्यासारखा, बोटांतून सुळकन गळणारा. स्कीच्या कडा त्यात अलगद रुततात, निसटत नाहीत. माझ्यासारखा पन्नाशीचा गडीसुद्धा त्यावर वळू शकला! मुक्ता पुढे गेली, थांबली आणि मागे वळून ओरडली, "बाबा, यल्ला!"

यल्ला म्हणजे आमच्या बहारीनमध्ये 'चला'. मी निघालो. दोनदा पडलो, तिसऱ्यांदा तिच्यापर्यंत पोचलो. बाराच्या आत तो उतार आम्ही तीनदा उतरलो, शेवटच्या वेळी तर बरोबरीनं, नीनो मागे. एप्रिलात जाणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: दहा ते बारा. बाकीचा दिवस खाण्यासाठी.

खाली स्की काढताना माझ्यानं राहवलं नाही. "फार उशीर केला गं मी. अकरा वर्षं."

ती बुटाचा पट्टा सोडवत होती. एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी पोर म्हणाली, "सातव्या वर्षी आणलं असतंस तर दोन फोटो उरले असते. आज मी तुला वळताना पाहिलं."

गॉगल होता म्हणून बरं. मी त्याच्या आड रडलो.

परतलो तर बहारीनमध्ये घामाच्या धारा. जॅकेटं बाल्कनीत टाकली, अर्ध्या दिवसात कडकडीत वाळली. परत नेण्यासाठी पिशवीत घालायला गेलो तर एकच सापडलं. दुसरं मुक्ताच्या बॅगेत होतं, ऑगस्टच्या.

"अगं, ते पाणी पितं! पाहिलंस ना?"

"विनिपेगमध्ये उणे पंचवीस, बाबा. ड्राय कोल्ड. आय चेक्ड."

पायसना मी एक जॅकेट परत दिलं. त्यांनी दुसऱ्याची चौकशी केली. म्हटलं, "ते ज्या थंडीसाठी शिवलंय, त्याच थंडीत चाललंय." मग त्यांनी शेल्फवरून नवे फ्रीझर हातमोजे काढले आणि माझ्या हातात ठेवले.

"पोरीला द्या, साहेब. जॅकेटाला बाह्या आहेत, बोटं नाहीत."