निकम साहेबांचं कौतुक

कामगार केबिनच्या दारात दिसला की निकम साहेब खुर्चीतून उठायचे. त्याच्यापर्यंत चालत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि मग विचारायचे, “काय म्हणतोस गड्या?” तळोज्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात ते पर्सोनेल मॅनेजर होते आणि मी त्यांची स्टेनो. मूळचे साताऱ्याकडचे. कुणी चांगलं काम केलं की ते सगळ्या ऑफिसला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला म्हणायचे, “पगार तर द्यायलाच पायजे ओ. पण माणसाला माणूस म्हणून कुणी बघतंय, हे पण त्याला कळाय पायजे.”

कामगारांचा पगारवाढीचा करार संपून बरेच दिवस झाले होते. कंपनीचे एमडी नव्या कराराला हात लावेनात. बाजार मंद आहे, उत्पादन वाढू दे, मग बघू, एवढंच सांगत. तेव्हा साहेबांनी युनियनला शब्द दिला, “तुम्ही उत्पादन वाढवून दाखवा. करार मी करून आणतो.” आणि दर महिन्याला उत्कृष्ट कामगाराचा सत्कार सुरू केला. कँटीनमध्ये सगळे जमायचे, कामगाराच्या बायकोमुलांनाही बोलावणं असायचं. शाल, भेटवस्तू आणि साहेबांचं भाषण. भाषणात त्या माणसाचं काम ते असं उभं करायचे, की ऐकताना बायकोही नवऱ्याकडे नव्यानं बघायची.

कारखाना खरंच बदलला. रजा कमी झाल्या. पाळी संपली तरी माणसं हातातलं काम पुरं करून निघू लागली. वाढलेल्या उत्पादनाचे कागद घेऊन साहेब एमडींकडे गेले, तेव्हा टिपणं घ्यायला मी सोबत होते. एमडींनी कागद चाळले आणि मनापासून हसले.

“निकम, कमाल केलीत. म्हणजे पगार न वाढवताच माणसं खूश आहेत. मग आता वाढवायचा कशाला?”

“सर, मी शब्द दिलाय त्यांना.”

“तुमचे सत्कार चालू ठेवा. हवं तर भेटवस्तू जरा मोठी द्या.”

बाहेर आल्यावर साहेब जिन्यात थांबले. कठडा धरून खाली बघत राहिले.

बातमी दुपारपर्यंत शॉपफ्लोअरवर पोचली. पुढच्या सत्काराला नाव होतं काशिनाथ म्हात्रेचं. हा नावड्याचा, घरची जमीन कारखान्यासाठी गेली आणि बदल्यात ही नोकरी मिळाली होती. त्या दिवशी एमडी स्वतः आले होते. साहेबांनी नाव पुकारलं. काशिनाथ उठला नाही. टाळी वाजली नाही. त्याची बायको कौतुकानं नवी साडी नेसून आली होती. तिला काही कळेना. ती अर्धवट उठली, तसं काशिनाथनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग बसूनच म्हणाला, “साहेब, तुमी बोललाव म्हनून आमी राबलो. आमचा पगार कुठं हाय?”

शाल साहेबांच्या हातातच होती. ते माइकपासून बाजूला झाले नाहीत. म्हणाले, “वहिनी, बरोबर करतोय तो. फसवणूक झालीय तुमची, आणि ती माझ्या तोंडून झालीय.”

दुसऱ्याच दिवशी त्यांचा राजीनामा घेतला गेला. कामगार संपावर गेले, मग कंपनीनं टाळं ठोकलं, आणि वर्षभरात यंत्रं परराज्यात गेली. करार कधी झालाच नाही.

त्यानंतर साहेबांना कुठल्या कारखान्यानं उभं केलं नाही. मालकांच्या लेखी ते कामगारांचे होते आणि कामगारांच्या लेखी कंपनीचे. कामोठ्याच्या त्यांच्या घरी मी अधूनमधून जात असे. एकदा मी धीर द्यायला म्हटलं, “तुमचं मन साफ होतं, साहेब.”

“तेच तर ओ,” ते म्हणाले. “मी खोटं कौतुक केलं असतं, तर ते एका महिन्यात ओळखलं असतं पोरांनी. खरं होतं, म्हणून तर एमडींना ते वापरता आलं.”

हळूहळू त्यांनी बोलणंच टाकलं. शेजारच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. ती पेढे घेऊन आली, तर तिला शाबास म्हणायलाही त्यांचे ओठ उघडले नाहीत. पेढा हातात धरून नुसते बसून राहिले. ती गेल्यावर त्यांच्या पत्नी आत जाऊन रडल्या. पुढच्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. कारखान्यातलं कुणी आलं नाही.

काही महिन्यांनी सानपाड्याला मला काशिनाथ भेटला. भाड्याचा टेम्पो चालवत होता. साहेब गेल्याचं मी सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं.

“मानूस चांगला होता, मॅडम,” तो म्हणाला. “वाईट असता तं आमी वेलेवर भांडलो असतो.”

आणि त्यानं टेम्पो सुरू केला.