सवतीची हाक

आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. वैनगंगा नावेतून ओलांडायची आणि पलीकडे सागवान भरायला निघालेल्या एखाद्या रिकाम्या ट्रकवर बसून पुढं जायचं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. डेपोतल्या कामगारांच्या मुलांसाठी एका खोलीची शाळा होती, तिच्या मागं कौलारू क्वार्टर, आणि क्वार्टरच्या मागून जंगल सुरू.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील गावच्या तलावात जाळं टाकत, आई टोपलीतून मासे बाजाराला नेई. वरोऱ्याच्या शाळेत असताना मी वार लावून जेवलो. रोज वेगळ्या घरी पान मांडलेलं असे आणि कुठल्याही माउलीनं मला कधी उपरं वाटू दिलं नाही. नागपूरच्या कॉलेजात एका प्राध्यापकांनी आपली पुस्तकं वापरायला दिली, म्हणून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. ह्या सगळ्यांची आठवण ठेवूनच मी त्या जंगलात गेलो. पण डेपोतल्या संध्याकाळी फार लांब असत. आरागिरणी बंद झाली की जी शांतता पडे, तिच्यात माझं शिक्षण कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

माझं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालं होतं. बायको गावी आईवडिलांपाशी होती. वाघाच्या रानात नव्या सुनेला पाठवायला आई तयार नव्हती. आमचं बोलणं झालं असेल ते एवढंच, की पाणी हवं का आणि हो, हवं.

आरागिरणीवर एक म्हातारे मिस्त्री होते. लढाईच्या काळात ते आसामात रस्त्याच्या कामावर होते आणि तिकडून त्यांनी एक गिबन आणलं होतं. डेपोत त्याला बिनशेपटीचं वान्नर म्हणत. आणलं तेव्हा ते काळं पिल्लू होतं. मोठं होता होता अंग भुरं झालं, कपाळावर पांढऱ्या भुवया उठल्या, आणि ती मादी आहे हे कळलं. लांब हातांनी ती छपरावरून सागावर आणि सागावरून छपरावर अशी जाई, की पोरं शाळा विसरून बघत राहत. रोज सकाळी धुकं विरायच्या वेळी ती ओरडे. आधी सावकाश "हू... कू", मग चढत जाणारं, आणि अगदी वर जाऊन एकदम तुटलेलं.

मिस्त्री काम सोडून लेकीकडे राहायला निघाले तेव्हा तिला माझ्या दारात घेऊन आले.

"गुरुजी, तुमी जनावरांचीच विद्या शिकले ना? मंग इले तुमीच ठेवा."

"मिस्त्री, मी पुस्तकात शिकलो."

"पुस्तकात तं पुस्तकात. बाकीच्याइनं तेही नाई पायलं."

पुस्तकात मी एवढंच वाचलं होतं, की हे वानर जोडीनं राहतं. आपल्या लंगूर वानरांत एक दांडगा हुप्प्या आणि त्याच्याभोवती माद्यांचा कळप असतो, तसं ह्यांचं नाही. एक नर, एक मादी, त्यांची पोरं, आणि रानाचा एक तुकडा. सकाळी दोघं मिळून हाका घालतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळतं की ही जागा भरलेली आहे. त्यातूनही कुणी आलं, तर नर नराला हाकलतो आणि मादी मादीला. परीक्षेत हे लिहून मला चांगले गुण मिळाले होते.

मिस्त्री गेल्यावर ती छपराच्या कोपऱ्यात पाठ करून बसली. केळं घेईना, उंबरं घेईना. मग एका सकाळी तिनं हाक घातली, नेहमीसारखी वर नेली आणि तोडली. त्यानंतरची शांतता मला सहन झाली नाही. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी तोंडाभोवती हात धरले आणि जमेल तसं "हू... कू" केलं. ती वळली. उतरून अंगणाच्या कुंपणावर आली आणि माझ्याकडं बघत पुन्हा सुरू झाली. ह्या वेळी मध्ये थांबली, मी माझा भाग म्हणावा म्हणून.

तेव्हापासून रोज आमचं ते चाले. मला त्यात आनंद होता, खोटं कशाला सांगू. दिवसाची सुरुवात कुणाच्या तरी उत्तरानं होई. डेपोतले लोक हसत.

"मास्तर, तुमचं कुटुंब हाका मारून राह्यलं, जा लवकर!"

"गावच्या कुटुंबाले सांगितलं का नाई अजून?"

मीही हसत असे.

दिवाळीनंतर आई नरमली आणि वडील सुनेला पोचवून गेले. बायकोनं ट्रकमधून गाठोडं उतरवलं, क्वार्टरकडं पाहिलं, जंगलाकडं पाहिलं आणि पदर खोचून झाडायला सुरुवात केली. ती अंगणात वाकली तोच छपरावरून गिबन आलं. मी धावेपर्यंत तिचा अंबाडा सुटला होता, लुगडं फाटलं होतं आणि मनगटावर दातांची खूण उमटली होती. मला मात्र त्या जनावरानं काही केलं नाही. उलट माझ्या आणि बायकोच्या मध्ये येऊन माझ्याकडं पाठ करून ते बसलं.

हळद लावताना बायको म्हणाली, "घरात सवत आहे म्हणून काऊन नाई सांगितलं?"

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. बायको विहिरीवर निघाली की गिबन छपरावरून तिच्या मागं सरके. ती काठी घेऊन पाण्याला जाई, काठी घेऊन भांडी घाशी. सकाळी हाक आली की माझं तोंड सवयीनं उघडे. एकदा मी उत्तर देऊन घरात आलो तेव्हा ती चुलीपाशी बसली होती.

"तिच्यासंगं लय बोलता तुमी."

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"वरोऱ्याच्या रेल्वेवाल्याचंही मागणं होतं मले. बाबानं म्हटलं, नाई, शिकलेला पोरगा पाहू. सालभर तुमच्या घरी सासूसंगं मासे निवडले. कोणी बोलाले नाई, चालाले नाई. इथी आली तं तुमी वान्नराले उत्तर देऊन राह्यले आन् मले नाई." मग शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ येईन बाजाराच्या ट्रकनं. मी जातो त्याच्यासंगं. मंग नांदा दोघं."

ती गेली असती तर परत आली नसती. हे मला तेव्हाच समजलं, आणि तिलाही समजत होतं.

दुसऱ्या सकाळपासून मी उत्तर देणं बंद केलं. गिबन कुंपणावर येऊन हाक घाली, मध्ये थांबे, माझ्या दाराकडं पाही. मी आत बसून राही. काही दिवसांनी ते छपरावर झोपेनासं झालं, आधी जवळच्या सागांवर आणि मग नाल्याकाठच्या उंबरांकडं गेलं. हाक लांबून येऊ लागली. उत्तरासाठी ते अजूनही मध्ये थांबत असे. त्याच्या जातीचं दुसरं कुणी शोधायला आसामापर्यंत जावं लागलं असतं, आणि ही गोष्ट त्या सबंध रानात मला एकट्याला माहीत होती.

भाऊ यायच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, "काय म्हणते ते?"

मी तिला पुस्तकातलं सांगितलं. जोडी, रानाचा तुकडा, जागा भरलेली आहे ही हाक, मादीनं मादीला हाकलणं. इतकं सलग मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो. तिनं मध्येच हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तिच्या हिशेबानं मीच तिच्या घरात घुसली."

"हो."

"आन् मी काई बोलली नाई, निस्ती काठी घेऊन फिरली."

सकाळी तिचा भाऊ ट्रकवरून उतरला. सतरा-अठरा वर्षांचा, डोक्याला टॉवेल. गाठोडं दाराशी बांधून ठेवलं होतं. "चाल बाई, ट्रक खोळंबून राह्यला," तो म्हणत होता, आणि तेवढ्यात नाल्याकडून हाक आली. चढली, तुटली, थांबली.

बायको अंगणाच्या मधोमध गेली. पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तलावाच्या पलीकडच्या डोंग्यातल्या नावाड्याला हाक मारावी तशी मोकळ्या गळ्यानं ओरडली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली.

झाडं हलली. गिबन फांद्यांवरून झेपावत आलं आणि शेवटच्या सागावर थांबलं, अंगावरचे केस उभे. ते ओरडलं, ती ओरडली. ती सुरू असताना ते थांबत नव्हतं. दोघींचे आवाज एकमेकांवर चढत होते. ट्रकवरचे हमाल खाली उतरून बघू लागले. शेवटी गिबन गप्प झालं. सागावरून ते खाली मात्र उतरलं नाही.

"बाई, याड लागलं का तुले?" भाऊ म्हणाला.

"तू जा आता. आईले सांग, बरी आहे म्हणून." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगून देल्लं तिले. ही जागा माझी होय."

गाठोडं तिनंच सोडलं.

त्या सबंध हिवाळ्यात दोघींचं हे रोज चाले. नाल्याकडून हाक आली की बायको हातातलं काम टाकून अंगणात जाई. आम्ही दोघं बोलायला शिकलो ते त्याच दिवसांत, बहुतेक गिबनविषयीच. तिला ते भांडण वाटे. मलाही तसंच वाटे, पण त्या जनावराला निदान भांडायला कुणीतरी आहे, एवढं बरं वाटे.

सागाची पानं झडली तशी नाल्याकाठीही आडोसा उरला नाही. हाक दूर गेली. भामरागडकडून आलेला एक ट्रकवाला म्हणाला, तिकडच्या रानात सकाळी कुणी बाई ओरडते, लोक त्या वाटेनं जात नाहीत. त्यानंतर कुणीच काही सांगितलं नाही.

एका सकाळी बायको वाट पाहून स्वतःच अंगणात गेली. हाक घातली. थांबली. पुन्हा घातली. समोर नुसती उघडी झाडं, आणि आरागिरणीचा भोंगा अजून व्हायचा होता. तिच्या मनगटावरची खूण मला दारातून दिसत होती.

तिला उत्तर द्यायला मी तोंडाशी हात नेले. तिनं मान हलवून नको म्हटलं, आणि थोडा वेळ आणखी ऐकत उभी राहिली.