बाहेर गेल्याची वेळ

आमच्या विहीणबाई खलिफा सिटीहून जेवायला आल्या होत्या, त्या दिवसाचं सांगते. जेवणं झाली, त्या खाली उतरल्या, गाडी पार्किंगच्या तोंडाशी पोचली आणि आमच्या बिल्डिंगची सिक्युरिटी गार्ड नाकातो, रजिस्टर छातीशी धरून, गाडीमागे धावत सुटली. आखातातल्या अजमानचं ऑगस्टमधलं ऊन, चप्पल डांबराला चिकटावी असं. काच खाली करायला लावून तिने पेन पुढे केलं. "मॅडम, टाइम-आउट लिखो." विहीणबाई फणकारल्या, "मला काय चोर समजली का ही?" पण लिहिलं बाई त्यांनी.

नंतर मी तिला म्हटलं, एवढं कशाला गं धावायचं? ती म्हणाली, "मम्मा, अंदर आनेवाले को सब देखता है. बाहर गया कि नहीं, कौन देखता है?" हे तिचं नेहमीचं वाक्य. पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्यालाही तेच आणि एसीवाल्यालाही तेच. हिंदी ती या लॉबीत उभी राहून शिकलेली, मी टीव्हीसमोर बसून. आमचं छान जमायचं.

नाकातो युगांडाची, तिशीची. उंच, सडसडीत, निळा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. नातीची स्कूल बस अडीचला यायची, पण मी दोनलाच खाली जाऊन बसायची. सोबत पोळीचा रोल न्यायची. तो खाताना रोज ती सांगायची की आमच्याकडची चपाती याहून जाड असते, आणि रोज शेवटचा तुकडा संपवायची.

एकदा मी पाहिलं, रजिस्टरखाली आणखी एक वही आहे. विचारलं तर लाजली. कादंबरी लिहीत होती! कंपाला शहरातली तरुण पोलीस डिटेक्टिव्ह, बाबिर्ये नावाची. सव्वीस वर्षांची, मोटरसायकलच्या मागे बसून शहरभर फिरणारी, खिशात कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. साहेब लोक तिला चहा सांगायला पाठवतात, आणि ती चहा सांगून येईपर्यंत चोर ओळखून येते. मी तर खूश झाले. दिसते कशी गं ही तुझी बाबिर्ये, असं विचारलं. नाकातो हसली. "मेरे जैसी. लेकिन वो डरती नहीं."

आता माझी खोड सांगायला हवी. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण सांगलीच्या वाचनालयातल्या रहस्यकथांवर. त्या पुस्तकांची शेवटची पानं हमखास फाटलेली असायची. त्यामुळे शेवट आपल्या मनाने लावायची सवय लागली ती लागलीच. नाकातो इंग्रजीतलं वाचून हिंदीत सांगायची आणि मी मध्येच म्हणायची, खून त्या पेट्रोलपंपवाल्याने केला. ती म्हणायची, मम्मा, थांबा की जरा.

वही शेवटच्या प्रकरणापर्यंत आली. बाबिर्ये एका बड्या माणसाच्या बंगल्यावर पोचते, एकटीच, दोन प्रश्न विचारायला. हिरव्या फाटकावरचा गार्ड तिचं नाव लिहून घेतो, वेळ लिहितो, ती आत जाते. इथे गाडी अडली. तीन महिने अडली. रोज मी विचारायची, पुढे काय? ती पेन्सिल चावत बसायची. शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, हे बघ, तिला मारून टाक. बंगल्यातच, खलास. वाचणारा रडला पाहिजे.

नाकातोने वही मिटली. रजिस्टरखाली नाही ठेवली, पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पोळी तशीच राहिली.

तिच्या सुट्टीच्या दिवशी मोझेस नावाचा गार्ड यायचा, तोही युगांडाचाच. मी आपली बडबडी. त्याला म्हटलं, तुमची नाकातो रुसली माझ्यावर, एका गोष्टीतल्या बाबिर्येवरून. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, आमच्याकडे ही नावं कुणी आवडीनिवडीने ठेवत नाही, ती ठरलेलीच असतात. जुळ्या मुली झाल्या की पहिली बाबिर्ये, दुसरी नाकातो. नाकातो आहे म्हणजे बाबिर्ये असतेच.

लिफ्टमध्ये मी सातवा सोडून भलत्याच मजल्याचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी खाली गेले, पोळीचा रोल तिच्यापुढे ठेवला. तीच बोलली, समोरच्या काचेकडे बघत, अगदी हळू. त्या बंगल्याच्या रजिस्टरमध्ये बहिणीची आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याची नव्हती. मालक म्हणाला, गार्ड लिहायला विसरला असेल. मग केस बंद. एवढं सांगून ती माझ्याकडे वळली.

"मम्मा, हमारे में जुड़वाँ के लिए 'मर गई' नहीं बोलते. मुँह से नहीं बोलते. तो हाथ से कैसे लिखूँ?"

मी तिचा हात धरून बसले. बस आली, नात हाका मारायला लागली, तरी बसले.

पुढच्याच महिन्यात तिची ड्यूटी लांब, रास अल खैमाच्या एका गोदामावर लागली. निघायच्या दिवशी तिने वही माझ्या हातात दिली. "खतम किया, मम्मा." मग स्वतःच्या नावापुढे टाइम-आउट लिहिला, नीट, घड्याळ बघून, आणि व्हॅनमध्ये चढली.

इंग्रजी मला अडखळत येतं, म्हणून शेवटचं प्रकरण नातीने, इराने, वाचून दाखवलं. बाबिर्ये हिरव्या फाटकातून आत जाते. अंगण लांब आहे, संपतच नाही. चालता चालता पायाखालची लाल माती पिवळी होते, वाळू होते. पलीकडे काचेचा दरवाजा, लॉबी, टेबल. टेबलाशी तिच्याच चेहऱ्याची बाई रजिस्टर पुढे करते. त्याखाली नाकातोने पट्टीने रकाने आखले होते, आमच्या रजिस्टरसारखेच. नाव, बाबिर्ये. कोणाकडे, फ्लॅट ७०४, मम्मा. आत आल्याची वेळ, दुपारी दोन. शेवटचा रकाना रिकामा.

तेव्हापासून दुपारी दोनला मी दाराची वरची कडी लावत नाही. सुनेला वाटतं, म्हातारी विसरते.

त्या दिवशी वाचून झाल्यावर इरा म्हणाली, "आजी, शी फर्गॉट द टाइम-आउट," आणि तिने पेन्सिल उचलली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.