दसऱ्याला आईने बंद केलेला कॉम्प्युटर

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. आजही हसते. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे आणि तोही भर दुपारचा... सुरतेतला, नव्वदच्या दशकातला.

आम्ही खानदेशी. वडील तिथल्या पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर कामाला, आणि मी कॉलेजात रबरावर पीएचडी करत होते. रबरात लांबलांब साखळ्यांचं जाळं असतं. कुठे टोक सुटं राहतं, कुठे साखळी फिरून स्वतःलाच जोडली जाते — असे दोष वाढले की रबर लिबलिबीत होतं. तसं जाळं कॉम्प्युटरवर तयार करून दोष मोजायचे, हे माझं काम. या मोजणीचा एकेक रन दिवसचे दिवस चाले, उत्तर अगदी शेवटी फाइलमध्ये पडे. मध्ये बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून! आणि माझे गाइड सर दिवाळीला कायमचे परदेशी निघालेले. त्याआधी उत्तर आलं नाही, तर पीएचडी गेलीच म्हणायची.

दसऱ्याची सुट्टी होती, पण रन जेमतेम अर्ध्यावर, म्हणून मी मशीन राखत लॅबमध्ये. आई फाफडा-जलेबी घेऊन आली. मी हात धुवायला गेले. येऊन बघते तर स्क्रीन काळी, मॉनिटरला हळदकुंकू, वर झेंडूची माळ!

"आई! बंद कुणी केला?"

"मी. आज दसरा शे ना वं! मशीनले बी आराम लागस."

लूम बंद ठेवूनच त्याची पूजा करतात, तशीच तिने स्विच दाबून केली होती. मी भोकाडच पसरलं. आई बिचारी घाबरून मला जलेबी भरवायला लागली.

डोळे पुसत मशीन चालू केलं... आणि फाइल तयार! अख्खी. एकेक सुटं टोक मोजलेलं. फाइलवरची वेळ मशीन बंद असतानाची. अहो, अंगावर सर्रकन काटा आला!

सर कॅम्पसमध्येच राहायचे, निरोप मिळताच धावत आले. आमच्याच लॅबमध्ये ताणून बघितलेल्या रबराशी आकडे ताडून पाहिले. जुळले! "आ तो कमाल छे, बेन!"

आईने दबकत विचारलं, "पोर पास व्हयनी ना?"

सरांना अहिराणी ओ की ठो कळत नव्हतं, तरी म्हणाले, "हा बेन, पास!" आम्ही इतके हसलो की वॉचमन डोकावला. इतका आनंद मला आयुष्यात क्वचितच झालाय.

तोच रन मी पुन्हा लावला. सर गेल्यावर कधीतरी संपला. उत्तर तंतोतंत तेच. पुढच्या दसऱ्याला मुद्दाम स्वतःच मशीन बंद करून पूजा केली — काही नाही, नुसता रन गेला! कारण मला आजही ठाऊक नाही. नावाआधी डॉक्टर लागलंय, एवढं मात्र खरं.