म्हणे, हृदयाला विश्रांती द्या!

राग साठवायचा म्हटला तर आमच्या हॉस्पिटलाला वेगळं गोडाऊनच बांधावं लागेल. सांगलीत मी फिजिओथेरपिस्ट आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना चालतं करायचं, प्लास्टर निघालेले पाय पुन्हा कामाला लावायचे, हे माझं काम. आमच्या व्यायामाच्या हॉलमध्ये माणसाला दम लागतो, पण त्याच्या तोंडाला लागत नाही. त्यामुळं रोज एक किस्सा पदरात पडतोच. घरी सांगितला की नवरा पोट धरून हसतो. मला मात्र सांगतानाही चीड येते!

*

पहिली चीड 'मालीश' या शब्दाची. एवढी वर्षं शिकले, अंगातला स्नायू न् स्नायू पाठ केला, आणि बोर्ड रंगवणाऱ्यानं माझ्या दारावर काय लिहावं? 'मालीश विभाग'! तो पुसून घेतेय तोवर पाटणहून मामांचा फोन.

"गुडघा धरलाय बघ. येताना तेल घरचं आणू, का तुझ्याकडं मिळतंय?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, मी मालीश करत नाही! स्नायूत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे असतात. जाड धाग्याला इवली इवली डोकी असतात. ती बारीक धाग्याला पकडतात, ओढतात, सोडतात, परत पुढं पकडतात. असे असंख्य धागे एकमेकांवरून सरकले की स्नायू आखडतो आणि जोर लागतो. तुमच्या मांडीचा तो जोर वाढला की गुडघ्यावरचा भार कमी होईल. त्याचे व्यायाम मी शिकवते. कळलं?"

मामा म्हणाले, "कळलं की! म्हंजे आतनं मालीश!"

*

एक जिमवाला आटपाडीहून आला. मांडी दुखावलेली, पण रुबाब असा की मीच त्याची पेशंट. बॅगेतून पावडरचा डबा काढला. "म्याडम, ह्यानं स्नायूत नवे धागे फुटत्यात. उसाला फुटवे येत्यात तसे!"

मी म्हटलं, "फुटवे वगैरे काही नाही. आहे तोच तंतू व्यायामानं जाड होतो. त्याच्या आत ओढणारे धागे शेजारी शेजारी वाढतात, म्हणून जोर वाढतो. नुसता डबा खाऊन काही होत नाही!"

त्यानं अगदी मन लावून ऐकलं. मला वाटलं, चला, एक तरी माणूस सुधारला! पुढच्या महिन्यात त्याच्याच जिममधला एक पोरगा खांदा घेऊन आला. म्हणाला, "तुमीच व्हय त्या सांगलीच्या म्याडम? सर सांगत्यात, म्याडमचा शब्द हाय, एक डबा खाल्ला तर तंतू नुसता जाड हुतो. फुटवा पायजे आसंल तर तीन डबे!"

*

वाळव्याकडचे तात्या ऊसवाले. बायपास झालेली. 'नेमका जोर लागतो कसा?' हा त्यांचा रोजचा प्रश्न. शेवटी एक दोरी आणली, खुर्चीत बसवून त्यांच्या हातात दिली. जोर लावायचा नाही, नुसती हातावर हात घेत दोरी सरकवायची. म्हटलं, "बघा, आतली डोकी असं करतात. धर, ओढ, सोड."

तेवढ्यात आमचे प्रशासक दारात. "हार्ट पेशंटची रस्सीखेच लावलीय का तुम्ही?" सगळ्यांसमोर! बाजूच्या खोलीत दिवसभर टीव्ही बघत पडलेले पेशंट त्यांना चालतात, हातात दोरी धरलेला चालत नाही!

ते गेल्यावर मी रागारागानंच पुढं सांगितलं, "ओढून झालं की डोक्यांना सुटायला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते संपलं की डोकी धरल्या जागी अडकून बसतात. मेलेल्या माणसाचं अंग ताठ होतं ते त्यामुळंच."

तात्यांनी दोरी खाली ठेवली. "म्हंजे धरून बसाय काय लागत न्हाई, खर्च सगळा सोडायला?"

"साधारण तसंच."

"आवं म्याडम, ही तर आमची भावकी!"

*

हृदय दिनाच्या कार्यक्रमाला एक बडे पाहुणे आणले होते. नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचं भाषण नव्हतं. "हृदय बिचारं रात्रंदिवस राबतं. त्याला विश्रांती द्या! चालू नका, जिने चढू नका!" ज्यांना चालतं करायला मी महिनोन्महिने घसा फोडला, ते माझेच पेशंट समोर बसून माना डोलावतायत!

अरे, हृदयाची विश्रांती दोन ठोक्यांच्या मधे असते! कॅल्शियम आलं की धागे धरतात, ते मागं फिरलं की सोडतात. तेवढीच त्याची सुट्टी. त्यापेक्षा मोठी सुट्टी आपल्याला परवडत नाही! पण माईक माझ्या हातात थोडाच होता?

तेवढ्यात साताऱ्याकडचे आमचे रिटायर सुभेदार उठले. खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, दिली हुती मी त्याला इश्रांती. हितंच, ह्याच हास्पिटलात. ह्या म्याडम छाती दाबत बसल्या, म्हणून तुमचं भाषण ऐकाय मिळालं!"

*

आणि मुमताजभाभी. कवठे महांकाळच्या. नवरा रफीकभाई, टेलर. भाभींचा जबडा दुखायचा, दम लागायचा, घाम फुटायचा. रफीकभाई म्हणाले, पित्त. गावातले डॉक्टर म्हणाले, पित्त. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला कुठं हार्ट येतंय, पित्तच! आमच्याकडं आणल्या तेव्हा रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. हृदयातल्या त्या बारीक धाग्यावरची ही कडी. ती रक्तात सापडली म्हणजे आतला स्नायू मेलाय. वेळेवर आणल्या असत्या तर बराचसा वाचला असता. आजही आठवलं की माझ्या हाताच्या मुठी वळतात!

त्या व्यायामाला यायला लागल्या. मी प्रश्न भाभींना विचारायची, उत्तर रफीकभाई द्यायचे. "दम लागत न्हाई तिला." "झोप चांगली हाय तिची." शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता घरातलं हलकं काम करू दे ना?"

"हलकं म्हणजे?"

"काय न्हाई, खालच्या नळाचं पाणी वरच्या मजल्यावर. दोनच कळशा."

मी दोन बादल्या काठोकाठ भरल्या आणि रफीकभाईंच्या हातात दिल्या. "वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा आणि या."

"मी काय पेशंट हाय व्हय?"

"हलकंच काम आहे!"

गेले. बऱ्याच वेळानं आले ते भिंत धरत. चेहरा घामानं निथळलेला, एक हात छातीवर. बाकावर धपकन बसले. मी धावत जाऊन नाडी धरली, बीपी बघितलं, ईसीजी काढायला सांगितला.

मुमताजभाभी जागच्या हलल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्याकडं नीट बघितलं आणि मला म्हणाल्या, "काय न्हाई म्याडम. पित्त आसंल."