दिव्याच्या कॉइल

परवा फडताळ आवरताना नानांच्या जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलेल्या दोन कॉइल सापडल्या. गाठ सोडली तसा तेलाचा आणि जळक्या वार्निशचा वास आला, आणि मी मनानं थेट सोनगीरच्या आमच्या अंगणात जाऊन बसलो.

धुळ्याला मातीतली मोटरसायकल शर्यत होती. नानांची, म्हणजे वडिलांची, गाडी घेऊन मी उतरणार होतो. गाडीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोतल्या दिव्याच्या कॉइल इंजिनाचा जोर खातात, असं आम्हा मित्रांचं ठाम मत. मॅग्नेटोचं जड चाक ओढून काढलं, कॉइलचे स्क्रू सोडले. पण वायर तोडताना हात थबकला. अंधार पडता पडता नाना याच गाडीवर शेतातून परतायचे.

"नाना, मग दिवा लागणार नाही."

"काढ बठ्ठं. माले वाट पाठ शे."

मी वायर तोडून सगळंच काढलं. शर्यतीत चौथा आलो. कॉइल परत बसवायचं काम उद्यावर गेलं आणि राहूनच गेलं. पुढं एका संध्याकाळी नाना नडगीला फडकं बांधून घरी आले. "काटा लागना," एवढंच म्हणाले. गाडीचं मडगार्ड चेपलेलं मला दिसलं होतं.

दिवा बंद ठेवला की त्या कॉइल जोर खातच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

चिंधीत कॉइलबरोबर चारही स्क्रू होते, तेल लावलेले, एकालाही गंज नाही. मी तर ते त्या दिवशी अंगणातल्या मातीतच टाकून उठलो होतो.